हान्यू स्पर्धेतून गेला. मागे नेमके काय ठेवून गेला?

मांडवीकाठ (धागाकर्ता)
जपानचा फिगर स्केटर युझुरु हान्यू याने १९ जुलै २०२२ रोजी टोकियोत पत्रकार परिषद घेऊन स्पर्धा सोडल्या. त्यानंतर आपल्याकडे जो तो "थोर होता" म्हणून मोकळा झाला. गोव्यात बर्फ म्हणजे मासळीच्या पेटीतला, हे मान्य. पण इथे हा खेळ बारकाईने बघणारी मंडळी आहेत, म्हणून विचारतो: थोर होता म्हणजे कशात?

पदके सगळ्यांना ठाऊक आहेत. २०१४ सोची, २०१८ प्योंगचांग. पुरुष एकेरीत लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णे डिक बटनच्या (१९४८, १९५२) नंतर ६६ वर्षांनी. पण जगज्जेतेपद फक्त दोनदा, २०१४ आणि २०१७. पुढे नेथन चेनने ते २०१८, २०१९ आणि २०२१ मध्ये नेले. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकला हान्यू चौथा आला, आणि ज्या क्वाड ॲक्सेलसाठी (साडेचार फेऱ्यांच्या उडीसाठी) तो थांबला होता ती उडी पडली.

माझे मत सांगून टाकतो. त्याचा वारसा पदकांतही नाही आणि त्या ॲक्सेलमध्येही नाही. तो उडीच्या आधीच्या दोन-तीन सेकंदांत आहे. पटत नसेल तर हाणा.

दुधसागर
आधीच्या दोन-तीन सेकंदांत म्हणजे? तेव्हा तर सगळेच उलटे घसरत असतात.

मांडवीकाठ
तेच तर म्हणतो. ट्रिपल ॲक्सेलची (साडेतीन फेऱ्यांच्या उडीची) नेहमीची तयारी बघा. मागे जाणारे क्रॉसओव्हर घेऊन (पायावर पाय ओलांडत) वेग जमवायचा, उजव्या पायाच्या मागच्या बाहेरच्या एजवर (ब्लेडच्या कडेवर) लांब घसरायचे, खांदे सावरायचे, मग वळून डाव्या पायाच्या पुढच्या बाहेरच्या एजवर पाऊल टाकून उडायचे. त्या लांब घसरण्यात स्केटर श्वास घेतो आणि बघणाऱ्यालाही कळते की आता उडी आहे.

हान्यू तो वेळ काढूनच टाकायचा. स्प्रेड ईगल (दोन्ही पावले विरुद्ध दिशांना उघडून घसरणे) किंवा काउंटर, आणि वळण संपते तिथूनच ॲक्सेल. काउंटर म्हणजे एकाच पायावर, एज तीच ठेवून, वक्राच्या विरुद्ध अंगाने घेतलेले वळण. त्यात शरीर आधीच फिरलेले असते. खांदे वेळेत रोखले नाहीत तर हवेतला अक्ष कलतो आणि उतरताना माणूस वर्तुळाबाहेर फेकला जातो. शिवाय वळणात वेग मरतो, म्हणजे उंचीही कमी मिळण्याचा धोका. एवढे करून उतरल्यावर तो त्याच पायावर ट्विझल, म्हणजे पुढे सरकत घेतलेली गिरकी, घ्यायचा. उडीच्या आधी आणि नंतर सांधा दिसतच नाही.

कुळागर
छान वर्णन, पण हे चाहत्याचे चष्मे आहेत. खेळ गुणांवर चालतो. प्योंगचांगच्या फ्री स्केटमध्ये (स्पर्धेच्या दुसऱ्या, लांब भागात) चेनला २१५.०८ आणि हान्यूला २०६.१७. चेन शॉर्टमध्ये (पहिल्या, छोट्या भागात) घसरून १७ वा होता म्हणून पाचवा राहिला, नाहीतर त्या दिवशी सहा क्वाड (चार फेऱ्यांच्या उड्या) करणारा तोच होता. पुढची चार वर्षे त्याची. सांधा दिसत नाही याला गुण किती, ते सांगा.

शेवंतीवेणी
कुळागरबाब, तेच मोजून सांगते, कारण खरी मेख तिथेच आहे.

२०१८-१९ पासून प्रत्येक घटकाला पंच उणे ५ ते अधिक ५ अशी प्रत देतात. प्रत्येक पायरी त्या घटकाच्या मूळ किमतीच्या १० टक्के. नऊ पंचांतला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा काढून बाकीच्यांची सरासरी. उडीसाठी सहा निकष आहेत: उंची-लांबी, उडणे-उतरणे, सहजता, आधीच्या स्टेप्स किंवा अनपेक्षित प्रवेश, हवेतली शरीराची ठेवण, संगीताशी मेळ. अधिक ४ किंवा ५ द्यायचे तर पहिले तीन हवेतच. अवघड प्रवेश त्या तिनांत नाही.

म्हणजे काउंटरमधून ट्रिपल ॲक्सेल मारली तर जास्तीची मिळकत सहसा एक पायरी. ट्रिपल ॲक्सेलची मूळ किंमत ८.००, तेव्हा ०.८०. तेच ट्रिपल लुट्झच्या (५.९०) जागी क्वाड लुट्झ (११.५०) घातली की नुसत्या मूळ किमतीत ५.६० चा फरक. कुठला प्रशिक्षक पोराला काउंटर घोटायला लावील?

कुळागर
म्हणजे माझेच म्हणणे सिद्ध झाले की. खेळाने ज्याची किंमत केली नाही तो वारसा कसला?

शेवंतीवेणी
ज्याची किंमत केली नाही ते करूनही त्याने १९ वेळा विश्वविक्रमी गुण मिळवले, हा वारसा. २०१५ ला बार्सिलोनात ग्रांप्री फायनलला एकूण ३३०.४३, तेही अधिक ३ पर्यंतच प्रत मिळायची त्या जुन्या पद्धतीत.

फोंडेकर_तात्या
भजनाच्या फडावर बसणाऱ्याला हा वाद नवा नाही. तान केवढी लांब घेतली याला टाळी पडते, पण ती कुठून उचलली आणि समेवर कशी आणून सोडली, हे पखवाजवाल्याला विचारावे. हान्यू समेवर येतो. बाकीचे बरेच जण तान संपली की घाम पुसतात.

पात्रांव
तात्या, पखवाजवाल्याला पंच नेमा आणि सप्ताहात स्केटिंग ठेवा. वास्कोत सोय होईल.

फोंडेकर_तात्या
बर्फ तू आण. 😀

कानकोणचा_वारा
बीजिंगबद्दल कोणीच बोलले नाही म्हणून. शॉर्ट प्रोग्रॅमची पहिली उडी क्वाड सॅल्चो होती, ती एका फेरीत सुटली. बर्फातल्या खड्ड्यात एज अडकली, असे त्याने स्वतः सांगितले. पुष्कळांना ती सबब वाटली. सबब नव्हती. का, ते सांगतो.

लुट्झ, फ्लिप आणि टो लूप या तीन उड्यांत पुढच्या दात्यांनी, म्हणजे टो पिकने, बर्फ ठोसतात. प्रत्येक ठोक्याला बर्फात खड्डा पडतो. वॉर्म-अपला सहा मिनिटे आणि सहापर्यंत स्केटर, प्रत्येक जण आपापल्या नेहमीच्या कोपऱ्यात दहा वेळा ठोसणार. मध्यंतरात बादलीतला ओला भुगा भरून खड्डे बुजवतात आणि झांबोनी (बर्फ गुळगुळीत करणारी गाडी) फिरते, पण ती दर गटानंतर फिरत नाही. फिगर स्केटिंगसाठी बर्फ हॉकीपेक्षा थोडा मऊ ठेवतात, पृष्ठभाग साधारण उणे ३ ते ४ अंश. मऊ बर्फात एज चांगली धरते आणि खड्डेही खोल पडतात.

सॅल्चो ही एजवरची उडी. दाते वापरायचे नाहीत. डाव्या पायाच्या मागच्या आतल्या एजवर वक्र घट्ट होत जातो आणि त्या दाबातून वर उठायचे. नेमके त्या क्षणी ब्लेड खड्ड्यात गेले तर दाब येण्याआधीच पाय निसटतो. हवेत काही सावरता येत नाही. तिथे हात उघडून एका फेरीत उतरला, तेही शहाणपणाचे, नाहीतर घोटा गेला असता. शॉर्टमध्ये त्या जागी ट्रिपल किंवा क्वाडच लागते, म्हणून एका फेरीला शून्य.

साळावली
शून्य धरूनही ९५.१५ आणि आठवा. आता हिशोब करू.

सॅल्चोची मूळ किंमत ९.७०. त्याची नेहमीची प्रत अधिक ४ धरा, म्हणजे ३.८८. एकूण १३.५८. बीजिंगची त्याची अंतिम बेरीज २८३.२१, त्यात मिळवले तर २९६.७९. कांस्य घेणाऱ्या शोमा उनोची बेरीज २९३.००. म्हणजे खड्ड्याने कांस्य नेले.

आता दुसरी बाजू. लोक म्हणतात, क्वाड ॲक्सेलच्या हट्टाने पदक गेले. ती उडी अर्धवट फिरली म्हणून मूळ १२.५० चे ८० टक्के, १०.००. पडल्यावर उणे ५ ची प्रत, म्हणजे निम्मे, उरले ५.००. वर पडल्याचा एक गुण वजा. हातात ४.००. त्याऐवजी त्याने अधिक ३ ची क्वाड लूप मारली असती तर १३.६५. बेरीज होते २९२.८६. उनोच्या ०.१४ खाली! हट्ट सोडला असता तरी चौथाच.

कुळागर
साळावली, हा हिशोब मस्त. पण क्वाड ॲक्सेल मारायला जी ताकद गेली तिच्यामुळे लगेच पुढची सॅल्चोही पडली, ते धरलेत का?

साळावली
नाही धरले. धरले तर तुमचे बरोबर. दमणुकीला टक्केवारी नसते म्हणून सोडले.

मांडवीकाठ
आणि मार्च २०२१ च्या जागतिक स्पर्धेत तिसरा आल्यावरही त्याने उड्यांची यादी सोपी केली नाही, हे लक्षात घ्या. बाकीच्यांचे गणित पदकापासून उलटे सुरू होते.

डिचोलीचा_डॉक्टर
क्वाड ॲक्सेल 'पहिल्यांदा' कोणी मारली यावर बऱ्याच ठिकाणी घोळ आहे, तो निस्तरतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिला प्रयत्न हान्यूचा नव्हे. रशियाच्या आर्तुर दिमित्रिएव्ह (धाकटा) याने २०१८ मध्ये मॉस्कोला मारून बघितली होती. ती अर्ध्या फेरीपेक्षा जास्त कमी पडली, तेव्हा तिला ट्रिपलचा भाव मिळाला. बीजिंगला हान्यूची पाव फेरीहून जास्त पण अर्ध्याहून कमी राहिली, म्हणून निकालपत्रात ती पहिल्यांदा क्वाड ॲक्सेल म्हणूनच नोंदली गेली, पुढे कमतरतेची खूण घालून. स्वच्छ उतरवली ती इलिया मालिनिनने, सप्टेंबर २०२२ मध्ये लेक प्लॅसिडला, वयाच्या १७ व्या वर्षी. बीजिंगनंतर सात महिन्यांत.

ॲक्सेल एकटीच पुढे तोंड करून सुटते आणि उतरणे मात्र मागे, म्हणून साडेचार फेऱ्या. त्याही पाऊण सेकंदाच्या आत-बाहेर. हवेत ०.६ सेकंद राहायला साधारण ४४ सेंटिमीटर उंची लागते आणि ०.७ साठी ६०. वेळ एक दशांश वाढवायला १६ सेंटिमीटर! त्यामुळे ठरावीक उंचीनंतर आणखी उंच उडण्यात अर्थ राहत नाही, आणखी वेगाने आकसावे लागते. हात छातीशी, पाय एकमेकांत, डोके अक्षावर. मालिनिन पटकन आकसतो. हान्यूची ॲक्सेल मुळात उशिरा आकसणारी, आधी उंच तरंगून मग फिरणारी. ट्रिपलला तीच तिची शोभा होती. क्वाडला त्या तरंगण्यात पाव फेरी जाते.

शेवंतीवेणी
डॉक्टर, शेवटची तीन वाक्ये म्हणजे या धाग्याचे सार आहे. दंडवत.

पेडण्याची_चाफी
उजव्या घोट्याबद्दल कोणी लिहा ना. प्योंगचांगच्या आधी तीन महिने स्पर्धा नाही आणि थेट सुवर्ण, हे कसे जमवले?

डिचोलीचा_डॉक्टर
नोव्हेंबर २०१७ मध्ये एनएचके ट्रॉफीच्या सरावात क्वाड लुट्झवर पडला आणि उजव्या घोट्याचे बाहेरचे बंध दुखावले. घड्याळाच्या उलट फिरणाऱ्या स्केटरला प्रत्येक उडी उजव्या पायावरच उतरायची असते, त्यात सवलत नाही. पण सुटताना निवड करता येते. लूपला सगळा जोर त्याच उजव्या पायाने खाली बसून द्यायचा, दात्यांची मदत नाही. लुट्झला उजव्या पायाचे दातेच ठोसायचे. या दोन्ही क्वाड त्याने प्योंगचांगच्या यादीतून काढल्या. ठेवल्या सॅल्चो आणि टो लूप: पहिलीत डावा पाय उचलतो, दुसरीत डाव्याच्या ठोशाचा आधार मिळतो.

फ्री स्केटमध्ये तेव्हा आठ उड्या असायच्या आणि दुसऱ्या अर्ध्यात मारलेल्या प्रत्येक उडीला १० टक्के जास्त. त्याने पाच उड्या दुसऱ्या अर्ध्यात ठेवल्या. टो लूपवर अडखळला, जोडउडी हुकली, शेवटची लुट्झही लडखडत वाचवली. पण तिच्याआधीची ट्रिपल ॲक्सेल–लूप–सॅल्चो ही तिहेरी जोड तोवर पदरात पडली होती. शॉर्टमधले १११.६८ हाताशी होतेच. एकूण ३१७.८५.

कानकोणचा_वारा
यात धाडसापेक्षा हिशोबीपणा जास्त दिसतो, आणि ते कौतुकानेच म्हणतो. २०१४ ला शांघायमध्ये वॉर्म-अपला हान यानशी टक्कर झाल्यावर डोक्याला पट्टी बांधून उतरला आणि पाच वेळा पडून दुसरा आला, त्याला लोक अजून वीरश्री म्हणतात. मला ती चूक वाटते. डोक्याला मार लागलेल्याला फिरकी घ्यायला सोडणाऱ्यांचीही.

पात्रांव
अवांतर: ते पिवळे अस्वल, विनी द पू. त्याचे स्केटिंग संपले की बर्फावर ढीग पडायचा आणि मुले पोती घेऊन धावायची. पुढच्या स्केटरचे काय होत असेल?

पेडण्याची_चाफी
स्नायू थंड पडतात, आणखी काय. त्यातून खेळण्याचा धागा किंवा कापसाचा पुंजका बर्फावर राहिला की ब्लेडखाली येतो. म्हणून वेचणारी मुले शेवटी नुसत्या बर्फावर वाकून बघत फिरतात. खेळणी बहुधा स्थानिक संस्थांना वाटली जायची.

दुधसागर
मूळ धाग्याला धरून एक प्रश्न. आपल्याकडे चाकांवर आर्टिस्टिक स्केटिंग शिकणारी मुले आहेत. उड्यांची नावे तीच. त्यांना हान्यूकडून घेण्यासारखे काही आहे का, की बर्फाचे बर्फावरच?

साळावली
उडी घेऊ नका, प्रवेश घ्या. क्वाड स्केटचा (चार चाकांच्या बुटांचा) जोड बर्फाच्या बुटापेक्षा बराच जड, तेव्हा चाकांवर ट्रिपल ॲक्सेलसुद्धा फार थोड्यांना जमते. पण थ्री-टर्न, ब्रॅकेट, काउंटर, रॉकर ही वळणे चाकांवर पूर्ण घोटता येतात, आणि मुलांना ती कंटाळवाणी वाटतात म्हणून नेमकी तीच कच्ची राहतात.

बिघडते कुठे, ते सांगतो. एक, ट्रकचा (बुटाखाली चाके धरणाऱ्या सांगाड्याचा) नट फार आवळलेला असतो. उतरताना डुगडुगत नाही म्हणून मुलांना बरे वाटते, पण बूट कलत नाही आणि एज धरतच नाही. मग वळण घसटून काढतात. अर्धा-अर्धा फेरा ढिला करत जावे, एकदम नव्हे. दोन, पुढचा स्टॉपर खाली आलेला असतो. लूपसाठी गुडघा वाकवला की तो जमिनीला लागतो आणि उडी पुढे पडते. तीन, पावसाळा. जून ते सप्टेंबर गोव्यात बंदिस्त हॉलची फरशीसुद्धा घाम सोडते. कडक चाके तेव्हा सरळ निसटतात. मऊ जोड लावावा, आणि सत्राच्या आधी कोरड्या पोछ्याने फरशी पुसावी. ओल्या पोछ्याने नव्हे, हे सांगावे लागते.

क्रम: वॉल्ट्झ जंप, सॅल्चो, टो लूप, लूप, फ्लिप, लुट्झ, आणि मग ॲक्सेल. वॉल्ट्झ जंप पक्की झाली की लगेच ती काउंटरमधून मारायला लावा. अर्ध्या फेरीचीच उडी, पडले तरी लागत नाही. खांदा रोखणे तिथेच शिकून होते.

कुळागर
हे वाचून एक मान्य करतो. क्वाड लुट्झ बघून मापशाच्या मुलाला करण्यासारखे काही मिळत नाही, काउंटर बघून मिळते. तरी माझा मूळ मुद्दा शिल्लक आहे: खेळाची दिशा मालिनिनने ठरवली, हान्यूने नाही.

मांडवीकाठ
दिशा गुणतक्त्याने ठरवली. तक्ता बदलला तर पुन्हा बोलू. २०१८ नंतर फ्री स्केट साडेचार मिनिटांवरून चार मिनिटे झाले आणि उड्या आठाच्या सात, पण सेकंद जास्त कापले गेले ते स्टेप्सचे. अवघड प्रवेशाला वेळ लागतो. तो कुठून आणायचा?

पेडण्याची_चाफी
म्हणूनच तो बाहेर पडला असेल. २६ फेब्रुवारी २०२३ ला टोकियो डोममध्ये एकट्याने पूर्ण कार्यक्रम केला, ३५,००० प्रेक्षकांपुढे. तिथे चार मिनिटांची मर्यादा नाही आणि निकालपत्रही नाही.

कुळागर
आणि प्रतिस्पर्धीही नाही. सोपे झाले ना मग.

डिचोलीचा_डॉक्टर
कुळागर, एकट्याने दोन तासांच्या वर, मध्ये कोणी दुसरा उतरून दम खाऊ देणारा नाही. स्पर्धेत चार मिनिटांनंतर जी नाडी असते तिच्यावर पुन्हा बूट आवळून उतरायचे. सोपे म्हणू नका.

दुधसागर
नव्या माणसाने बघायला सुरुवात कुठून करावी? एकच सांगा.

शेवंतीवेणी
बार्सिलोना २०१५ चे फ्री स्केट, २१९.४८ वाले. पहिल्यांदा आवाज बंद ठेवून फक्त पाय बघा. उडी मोजू नका, तिच्या आधीचे वळण कुठल्या पायावर आहे ते ओळखा. सेईमेईचे (त्या कार्यक्रमाचे नाव) संगीत दुसऱ्या वेळी.

फोंडेकर_तात्या
आवाज बंद? बाय, निदान पखवाज तरी चालू ठेवा.